नशिबाच्या नावावर बिल फाडू नका

पुण्यात जोराचा पाऊस झाला की अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ यायला लागतात, कुणाची स्कूटर वाहत चाललीये, कुणी गुडघाभर पाण्यात उभं राहून वडापाव खातंय, आणि मग त्याच ग्रुपवर दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते लोकांच्या घरात पाणी शिरलंय आणि तुम्हाला जोक सुचतात, लाज वाटू द्या जरा. दुसरी म्हणते अहो आता हसायचं पण नाही का, रडून पाणी ओसरणारे का. हे भांडण मी बरीच वर्षं बघतेय आणि माझं मत सरळ दुसऱ्या पार्टीकडे आहे. हसावं. सगळं एकदम बिघडलं, दुष्काळात तेरावा महिना आला, तरी त्यात हसण्यासारखं काय आहे ते शोधावं, आणि ते शोधणाऱ्या माणसाला कुणी निर्दयी म्हणू नये. माझी तक्रार वेगळीच आहे. आपण हसतो ते बरोबर, पण हसून झालं की बिल फाडतो नशिबाच्या नावावर, "पुणेकरांचं नशीबच तसं" म्हणून मोकळे होतो, आणि सगळा घोळ तिथे होतो.

आधी हसण्याच्या बाजूने बोलते, कारण ती बाजू कुणी नीट मांडतच नाही, "लाफ्टर इज बेस्ट मेडिसिन" एवढं म्हणून सोडून देतात. आमच्या शेजारच्या काकांच्या मुलाचं लग्न होतं, कर्वे रोडच्या बाजूला कार्यालय, आणि मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली तरी गुरुजी नळस्टॉपच्या ट्रॅफिकमध्ये. तोवर कळलं की अंतरपाट घरीच राहिला, मग काकूंची शाल धरायचं ठरलं. तेवढ्यात खालून आवाज, बँडवाले आले, पण ते दुसऱ्याच लग्नाचे, पलीकडच्या कार्यालयात जायचे ते आमच्याकडे शिरले आणि थांबेचनात. शेवटी गुरुजींनी रिक्षातून फोनवर मंगलाष्टकं म्हटली, फोन माईकला धरला, मागून हॉर्न ऐकू येत होते, आणि अक्षता पडल्या. आता नीट बघा यात काय होतं ते. गुरुजी उशिरा येणार कळलं तेव्हा काका संतापले होते. अंतरपाट विसरला तेव्हा काकूंच्या डोळ्यात पाणी आलं होतं. परक्याचा बँड आत आला तेव्हा मात्र दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि मग सगळं कार्यालय हसायला लागलं. पहिल्या संकटाला माणूस लढतो, दुसऱ्याला रडतो, आणि तिसरं आलं की त्याला कळतं की आता आपल्या हातात काहीच नाही, आणि हे कळलं की छातीवरचं ओझं उतरतं. एकटं संकट फार क्वचित हसवतं, त्यांची रांग लागावी लागते.

आणि हे काही आजकालचं नाही. इथून तासाभरावर देहू. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात तुकोबांचं सगळं गेलं, धंदा बुडाला, गुरं गेली, लोकांत मान राहिला नाही, आणि त्याच माणसाने 'बरे झाले देवा निघाले दिवाळे' म्हणून सुरुवात केली आणि एकेक संकट घेऊन त्याला बरे झाले, बरे झाले म्हणत गेले. कीर्तनात याचा अर्थ वैराग्य म्हणून सांगतात, आणि ते आहेच, मी नाकारत नाही, पण मला त्या यादीत हसूही स्पष्ट ऐकू येतं, सगळं हरलेल्या माणसाचं देवासमोरचं मोकळं हसू. पण त्याच गाथ्यात दुसरा एक अभंग आहे, स्वतःची हकीगत सांगणारा, आणि त्यात एक ओळ येते, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. तिथे 'बरे झाले' हे शब्द नाहीत. तिथे हसू नाही, सुस्काराही नाही, जे झालं ते तेवढंच सांगितलंय. दुष्काळ तोच आणि सांगणारा पण तोच. दिवाळं निघालं त्यावर हसता येतं, उपाशी मेलेल्या बायकोवर येत नाही, आणि ही रेघ कुठे आहे ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. कुठला जोक चालतो, कुठला चालत नाही यावर ग्रुपवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन अभंग शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगेन.

माझी आजी नारायण पेठेतली, पानशेतचा पूर तिने पाहिलेला. १२ जुलै १९६१. ती गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही पोरं हसून लोळायचो, कारण तिच्या गोष्टीत ट्रंक तरंगत दाराशी आली आणि आत येऊ का विचारत होती असं वाटलं, माळ्यावर चढलेले सासरे वरून सगळ्यांना चपला कुठे ठेवायच्या ते सांगत होते, आणि पाणी ओसरल्यावर घरात चिखल इतका की पोळपाट शोधायला फावडं लागलं. पण त्याच आळीतलं कोण कोण गेलं ते तिने आम्हाला कधी गोष्टीसारखं सांगितलं नाही. विचारलं तर नाव सांगायची आणि उठून जायची.

म्हणजे रेघ एक ही, की काय गेलं. दुसरी रेघ आहे, सांगणारा कोण, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. माझी मावशी सिंहगड रोडला नदीकडच्या सोसायटीत राहते. २०२४ च्या जुलैत त्यांच्या खालच्या मजल्यावर कमरेएवढं पाणी आलं, फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरभर फिरत होता, आणि मावशी बोटीत बसताना हातात काय घेऊन बसली तर कढीपत्त्याची कुंडी. दिवाळीत तिने हे सगळं इतकं रंगवून सांगितलं की मामा हसता हसता खोकायला लागले. जरा वेळाने तिच्या जावयाने हीच गोष्ट नव्याने आलेल्या पाहुण्यांना सांगायला घेतली, शब्द जवळपास तेच, कुंडीसुद्धा तीच, आणि मावशीचा चेहरा उतरला. जावई वाईट माणूस नाही, त्याने काही चुकीचं सांगितलं नाही. पण तो त्या रात्री बाणेरला कोरड्यात होता. तिच्या तोंडी जी गोष्ट तिची होती ती त्याच्या तोंडी तिच्याबद्दलची झाली. मराठीत विनोदाचा सगळ्यात लाडका माणूस चिं. वि. जोशींचा चिमणराव, तोसुद्धा आपली फजिती स्वतः सांगतो म्हणून आपण इतकी वर्षं त्याच्याबरोबर हसतोय. तेव्हा ग्रुपवर कोरड्या घरातून पहिला जोक टाकणाऱ्याला माझी एवढीच विनंती, ज्याच्या घरात पाणी आहे त्याला आधी बोलू दे. तो हसला की सगळ्यांनी हसावं.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते. लग्नात अंतरपाट विसरला, परका बँड शिरला, हे नशीब. त्यात कुणाला जाब विचारायचा? मनसोक्त हसायचं आणि सोडून द्यायचं. पण मावशीच्या घरात नदी आली ते नशीब होतं का? नदीच्या दोन्ही बाजूंना पूररेषा आखलेल्या असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नसतं. मग त्या हद्दीत भिंती उभ्या राहतात, नदीत भराव पडतो, पात्र आवळलं जातं, वर खडकवासला धरणातून पाणी सुटतं आणि खाली झोपलेल्या लोकांना वेळेत कळत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीतले लोक हेच ओरडून सांगत होते, की आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही. यातली एकेक गोष्ट माणसाने केलेली किंवा न केलेली आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, टांगेवाले कॉलनीत भिंत पडली, शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हाही "ढगफुटी झाली हो" म्हणून सगळं आभाळावर ढकललं गेलं. पाऊस आभाळातून पडला हे खरं, पण कात्रजपासून मुठेपर्यंत तो ओढा कुठे कुठे अरुंद केलाय ते काठावर राहणारं शाळकरी पोरही बोट दाखवून सांगेल. आणि माझ्या आजीच्या गोष्टीतला पूर तरी कुठे नशिबाचा होता, पानशेतचं मातीचं धरण, काम पुरं झालेलं नसताना त्यात पाणी अडवलं, ते फुटलं आणि खालचं खडकवासलाही घेऊन आलं.

म्हणून मला 'पुण्याचं व्हेनिस झालं' हा जोक आवडत नाही. तो क्रूर नाहीये, पण त्यात काहीच नाही. कुठला चौक, कुठला नाला, कोणी झाकला, काही नाही, नुसता पाऊस आणि नुसते बिचारे आपण. असा जोक कुठल्याही शहरावर, कुठल्याही वर्षी चालतो, आणि जो कुठेही चालतो तो कुणालाच लागत नाही. मी तर म्हणेन असे जोक ऐकून सगळ्यात निवांत हसत असतील ती जबाबदार मंडळी, कारण त्यांना त्यातून एवढंच ऐकू येतं की लोकांनी हे चालवून घेतलंय.

याउलट २० सप्टेंबर २०२४ ची गोष्ट आठवा. बुधवार पेठेत समाधान चौकाजवळ, सिटी पोस्टाच्या आवारात, महापालिकेची ड्रेनेज साफ करायची गाडी उभी होती, आणि खालचे पेव्हर ब्लॉक खचून ती अख्खी गाडी मागच्या बाजूने जमिनीत गेली. ड्रायव्हर वाचला, नशिबाचा खरा भाग तेवढाच. त्या रात्री जोकांचा पाऊस पडला, आणि मी ते सगळे आवडीने वाचले, का तर त्यांच्या पोटात तपशील होता. गाडी कोणाची, महापालिकेची. काम कशाचं, ड्रेनेजचं. खाली काय होतं, तर जुनी विहीर होती म्हणून चर्चा, आणि मग लगेच पुढचा प्रश्न, की शहराच्या मध्यावर जमिनीखाली काय आहे ते कुणाकडे लिहून ठेवलेलं आहे का? हा प्रश्न कुठल्या अहवालाने विचारला नव्हता, हसणाऱ्या लोकांनी विचारला. भाजीवाल्या मावशींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे दोन दिवस पेव्हर ब्लॉकखाली काय असतं यावर बोलत होते. एवढं लोकशिक्षण सभा घेऊन झालं नसतं.

चांदणी चौकाचंही तसंच. १ आणि २ ऑक्टोबर २०२२ च्या मधली रात्र, हायवे बंद, जुना पूल पाडायला ६०० किलो स्फोटकं, महिनाभर आधी नोएडाचे उंच टॉवर पाडलेली मंडळी आलेली, सगळं पुणं जागं. स्फोट झाला, धूळ बसली, आणि पुलाचा लोखंडी सांगाडा बराचसा जागच्या जागी. मग मशिनने काढावा लागला. त्यावर सगळे हसले आणि हसताना म्हणाले काय, की जुना पूल एवढा मजबूत होता, तर मग आताचे रस्ते पहिल्या पावसात का उखडतात. याला मी चांगला विनोद म्हणते. कुणी दगावलं नव्हतं, कुणाचं घर गेलं नव्हतं, फक्त ठरवलेलं फसलं होतं, आणि त्या फसण्यातून लोकांनी बरोबर माणसाकडे बोट दाखवलं.

बरोबर माणूस शोधणं मात्र सोपं नाही, त्याला माहिती लागते. २०२४ मध्ये लोक धडाधड नगरसेवकावर मीम करत होते, पण पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, पूर आला तेव्हा आणि गाडी जमिनीत गेली तेव्हा, दोन्ही वेळा कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे आपण रिकाम्या खुर्चीवर हसत होतो. निवडणूक इतकी रखडली हेच मुळात सगळ्यात मोठं मीम व्हायला हवं होतं, ते फार थोड्यांना सुचलं.

आता काळाचा मुद्दा. अमेरिकेत २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळ आलं, तेव्हा विनोदावर संशोधन करणारे पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळावरचे विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी वाचायला देऊन किती हसू येतं ते विचारलं. वादळ यायच्या आधी हसू येत होतं, नुकसान कळत गेलं तसं ते कमी होत पंधराव्या दिवशी तळाला गेलं, मग चढत चढत ३६ व्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि ९९ व्या दिवशी पुन्हा ओसरलेलं. यातला पहिला भाग सगळे सांगतात, की जखम ताजी असताना हसू नये, थोडं थांबावं. मला शेवटचा भाग जास्त लागला. तीन महिन्यांत हसूही विरतं. आपल्याकडे मोजून बघा, जुलैचा पूर, मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, तीन महिने संपले, आणि त्याबरोबर तो पूर गोष्टींतूनसुद्धा गेला. म्हणजे हसत हसत जाब विचारायची जी संधी असते ती छोटी असते, आणि ती नशीब नशीब करण्यात आपण घालवतो.

आणि काही गोष्टींवर हसायची वेळ कधीच येत नाही हेही मानायला हवं. त्याच २५ जुलैच्या पहाटे पुलाच्या वाडीजवळ अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवायला गेलेले तीन जण शॉक लागून गेले. त्यावर मी एकही जोक पाहिला नाही, आणि आपल्या शहराबद्दल मला त्या दिवशी बरं वाटलेली ती एकच गोष्ट. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, ग्रुपवर दिवसभर विनोद चालायचे, एप्रिल २०२१ मध्ये बेडसाठी फोन फिरवायची वेळ आली आणि ते आपोआप थांबले, कुणी नियम केला नव्हता. लोकांना कळतं. म्हणून विनोदावर बंदी घाला, संवेदनशीलता शिकवा असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. लोकांच्या काळजाला हे सगळं समजतं, कमी पडते ती माहिती.

माझी एक मैत्रीण म्हणते की तू विनोदाला कामाला लावतेस, मग तो विनोद राहत नाही, तक्रार अर्ज होतो. मी यावर खूप विचार केला आणि मला ते पटत नाही. पोस्टाच्या आवारातली ती गाडी बघा, तिच्यावरचे जोक नेमके होते म्हणून तर एवढे चालले. नेमकेपणाने हसू मरत नाही, उलट वाढतं, कारण ऐकणाऱ्याला कळतं की हे माझ्याच चौकाबद्दल आहे. आजीच्या गोष्टीतही पोळपाट होता, फावडं होतं, सासऱ्यांच्या चपला होत्या, नुसतं "फार पाणी आलं हो" असतं तर आम्ही दुसऱ्यांदा ऐकली नसती.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्याच्या घरात चिखल आहे त्याने आधी चिखल काढायचा की नकाशे वाचून पूररेषा शोधायच्या? त्याने चिखलच काढायचा, आणि हसायचं असेल तर काहीही बोलून हसायचं, देवाला, नशिबाला, ग्रहांना, कुणालाही नावं ठेवून. त्याच्याकडून मी काही मागत नाही. मागते ते आपल्यासारख्या कोरड्यात राहिलेल्यांकडून, ज्यांच्याकडे वेळ आहे, नेट आहे, आणि व्हिडिओ फॉरवर्ड करायला ज्यांचा अंगठा तयारच असतो. फॉरवर्ड करताना चौकाचं नाव टाका, तारीख टाका, नाला कुठला ते विचारून टाका. आणि ते व्हिडिओ डिलीट करू नका. दर वर्षी मे महिन्यात नालेसफाई चालू असते, अमुक टक्के काम झालं म्हणून बातम्या येतात, त्या आठवड्यात मागच्या जुलैचे सगळे व्हिडिओ तारखेसकट परत टाका, पुन्हा एकदा हसा, आणि त्याच चौकात जाऊन नाला बघून या. तेव्हा अजून पाऊस आलेला नसतो, काही करायला वेळ असतो.